इंदूर, उदयनगर आणि एक माफ झालेलं कर्ज

शुक्रवार

इंदूरला आत्याला भेटायला चाललेय, हे घरच्यांना सांगितलेलं कारण खरंच होतं. ऐंशी ओलांडलेली आत्या फोनवर सारखी म्हणत होती, "अगं, आता रिटायर झालीस नं, मग ये की." पण मनात उदयनगर होतं. देवास जिल्ह्यातलं, विंध्याच्या डोंगरात वसलेलं हे लहानसं गाव. तिथल्या चर्चमध्ये सिस्टर राणी मारियाची कबर आहे. आदिवासींत काम करणारी ही कॅथलिक धर्मभगिनी, १९९५ साली तिचा खून झाला. तिच्याबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हाच ठरवलं होतं, की एकदा तिथे जायचं.

का, ते सांगते. माझी सगळी नोकरी बँकेत गेली आणि त्यातली बरीचशी ग्रामीण शाखांत, शेतीकर्जाच्या टेबलावर. सात-बारा, पीककर्ज, नवं-जुनं, थकबाकी, वसुलीचे दौरे. निवृत्त झाले आणि हे सगळं एका दिवसात थांबलं. दर रविवारी उपासनेत ऐकत आले, की देवाने प्रत्येकाला काही हेतूने घडवलं आहे. त्यावर माझा विश्वास आहे. पण सकाळी दहा वाजता, घर आवरून झाल्यावर, हातात पेपर घेऊन बसलं की तो हेतू नेमका काय, हा प्रश्न समोर येऊन बसायचा. राणी मारियाची गोष्ट वाचताना तिच्या हौतात्म्याआधी मी थबकले ते तिच्या कामापाशी. ती आदिवासींना सावकाराच्या दारातून उठवून बँकेच्या दारात आणत होती. म्हणजे माझ्या टेबलासमोर जी माणसं येऊन उभी राहत, त्यांना तिथवर पोचवणारी ती होती.

नगरहून रात्रीची बस. धुळे, शिरपूर, सेंधवा. खलघाटला नर्मदा आली तेव्हा उजाडत होतं. पुढच्या सीटवरच्या आजोबांनी काच सरकवून हात जोडले आणि त्यांना बघून अर्धी बस जागी झाली.

इंदूरला दादा, म्हणजे आत्याचा मुलगा, घ्यायला आला होता. लोकमान्य नगरातलं त्यांचं घर जुनं, अंगण असलेलं. दारातच आत्याने "सलाम" म्हणून जवळ घेतलं आणि लगेच पोह्यांची बशी हातात दिली. वर शेव, बडीशेप, बाजूला जिलबी. आत्याची मराठी साठ वर्षांत इंदुरी झाली आहे. "बैस, जरा सुस्ता, मग बाकी सब," असं ती एका दमात म्हणते आणि ते कानाला गोड लागतं.

संध्याकाळी वहिनीबरोबर राजवाड्याकडे गेले. सात मजली दरवाजा, समोरच्या बागेत अहिल्याबाईंचा पुतळा. त्या आमच्या नगर जिल्ह्यातल्या चौंडीच्या, जन्म १७२५ चा. माझ्यासारखीच नगरहून आलेली बाई, असं मनात आलं आणि छाती जरा फुगली. त्यांच्या राजपत्रांवर 'श्रीशंकर आज्ञेवरून' असं लिहिलं जाई. राज्य देवाचं, आपण फक्त सांभाळणाऱ्या, या भावनेने त्यांनी कारभार केला. श्रद्धा वेगळी, पण हे मला फार ओळखीचं वाटलं. येशूचा शिष्य पेत्र याने बायबलमधल्या आपल्या पहिल्या पत्रात मंडळीला, म्हणजे ख्रिस्ती समाजाला, हेच सांगितलं आहे : ज्याला जे कृपादान मिळालं, ते त्याने देवाच्या कृपेचा चांगला कारभारी म्हणून एकमेकांच्या सेवेत लावावं. मालकी देवाची, कारभार आपला. हा विचार घेऊन मी उदयनगरला निघणार होते, हे बरं झालं.

सराफ्यात गराडू, म्हणजे तळलेला कंद, खाल्ले. थंडी सरत आली होती, तरी गाड्यावर गर्दी होती. रात्री आत्याने बजावलं, "उद्या पोटभर खाऊन निघा, तिकडे काही मिळत नाही."

शनिवार

बायपास ओलांडल्यावर माळव्याची सपाटी लागली. गहू पिवळा पडायला आलेला, हरभरा काढणीला, मध्ये मध्ये लसणाचे हिरवे तुकडे. अशी काळी जमीन बघितली की माझ्यातली कर्ज अधिकारी जागी होते, एकरी किती येत असेल याचे हिशेब सुरू होतात. मग रस्ता वळणं घेऊ लागला. काळी माती संपली, मुरूम आणि दगड आले, साग निष्पर्ण, पळस मात्र ऐन भरात. शेतं लहान होत गेली. पाऊस गेला की इथे काही उरत नाही, हे जमिनीकडे बघून कळत होतं. अशाच ठिकाणी सावकार टिकतो.

ते कसं चालतं, हे बँकेत बसून मी वर्षानुवर्षं पाहिलं. पेरणीच्या तोंडावर बियाण्याला पैसे लागतात. बँकेत जायचं तर कागद पाहिजेत, कागदांना तालुक्याला खेपा पाहिजेत, खेपांना बुडालेली मजुरी पाहिजे. सावकार उंबऱ्यावर पैसे देतो. व्याज महिन्याच्या शेकड्यावर असतं, त्यामुळे आकडा लहान वाटतो. अंगठा कशावर उमटला, हे अंगठा देणाऱ्याला वाचता येत नाही. पीक आलं की मळणीच्या जागेवरच त्याचा वाटा उचलला जातो, उरलेलं व्याज मुद्दलात घालतात आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा त्याच दारात. या चक्रातून बाहेर यायला फार मोठी क्रांती लागत नाही. सही करता येणं, स्वतःचं खातं असणं आणि बँकेत सोबत येणारं कोणीतरी असणं, एवढ्याने सुरुवात होते.

सिस्टर राणी मारिया ते कोणीतरी होती. केरळमधल्या पुल्लुवळी गावात १९५४ साली जन्मलेली शेतकऱ्याची मुलगी, फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघाची धर्मभगिनी. १९७५ साली उत्तरेत आली. आधी बिजनौर, मग मध्य प्रदेशातलं ओडगडी आणि १९९२ च्या मे महिन्यात उदयनगर. लोकांना अक्षरओळख, बायकांची बचत, सरकारी योजनांचे अर्ज, बँकेचं कर्ज. याच १९९२ साली नाबार्डने, म्हणजे शेती आणि ग्रामीण विकासाच्या राष्ट्रीय बँकेने, बचत गट बँकांशी जोडायचा प्रयोग ५०० गटांपासून सुरू केला होता. आमच्या शाखेत त्याचं परिपत्रक आलं तेव्हा, 'या बायका परतफेड करतील का,' यावर साहेबांची चर्चा रंगली होती. इकडे या डोंगरात ती तेच काम पायी फिरून करत होती. ज्यांचं उत्पन्न त्या अंगठ्यांवर चालत होतं, त्यांना ते खुपणारच होतं.

नाचनबोरच्या चढावर दादाने गाडी बाजूला घेतली. इथे तिचं स्मारक आहे. २५ फेब्रुवारी १९९५ च्या सकाळी ती उदयनगरहून इंदूरच्या बसने निघाली होती. इंदूरहून भोपाळ, तिथून केरळ, घरी जायचं होतं. बसमध्ये समंदर सिंह नावाचा तरुण होता. गावातल्या सावकार-जमीनदारांनी चिथावल्याचं त्याने पुढे स्वतःच सांगितलं. त्याने सुरा काढला. बस भरलेली होती. कोणी उठलं नाही. तिला खाली ओढून याच रस्त्याच्या कडेला पुन्हा वार केले. अंगावर ५४ जखमा. शेवटपर्यंत ती येशूचं नाव घेत होती. तेव्हा तिचं वय ४१.

रस्त्यावरून एक बस गेली, खच्चून भरलेली. टपावर बकऱ्याही होत्या. वहिनी म्हणाली, "एवढ्या माणसांतून एकजण उठला असता तर?" मी काही बोलले नाही. दादानेही गाडी सुरू करायची घाई केली नाही.

उदयनगरचं चर्च साधं आहे. २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये तिचे अवशेष काढून चर्चच्या आत ठेवले आणि ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरमध्ये तिला 'धन्य' घोषित केलं, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी. आम्ही मराठी मिशनच्या, म्हणजे प्रोटेस्टंट, परंपरेतले, संतांकडे मध्यस्थी मागायची आमची रीत नाही. मी कबरीजवळ उभी राहिले आणि तिच्या आयुष्याबद्दल देवाचे आभार मानले. झेंडूचा एक हार, विझलेल्या मेणबत्त्या, तिचा हसरा फोटो.

भिंतीला टेकून एक बाई बसली होती. पस्तिशी-चाळिशीची, डोक्यावरून पदर, मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी. तिच्या शेजारी बसल्यावर, मी कुठून आले वगैरे विचारून झाल्यावर, तिने पिशवीतून एक पासबुक काढलं. नवऱ्याचं. तीन आठवड्यांपूर्वी तो छातीत दुखून गेला, वय पंचेचाळीसच्या आसपास. बँकेत जाऊन खातं बंद करायचं होतं, पण त्याआधी शिल्लक किती ते कोणीतरी वाचून दाखवावं, एवढंच तिला पाहिजे होतं. ती चर्चमधली नव्हती. शहरातून येणाऱ्यांपैकी कोणी वाचून देईल म्हणून बसली होती.

पासबुक कोपऱ्यांवर फुगलेलं, आतली छपाई फिकी. मी चष्मा लावून ओळी खाली येत गेले. मजुरीची जमा, दोनशे-पाचशेची काढणी, पुन्हा जमा. गेल्या मे महिन्याच्या अखेरीस ४३६ रुपये नावे, म्हणजे खात्यातून कापलेले. त्याखाली २० रुपये नावे. शिल्लक तीन आकडी.

त्या ४३६ वर माझं बोट थांबलं. प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याचा तो वर्षाचा हप्ता. १ जून ते ३१ मे, मृत्यू कोणत्याही कारणाने झाला तरी वारसाला २ लाख रुपये. बाईला यातलं काही माहीत नव्हतं. खातं उघडताना कधीतरी एका कागदावर नवऱ्याने अंगठा दिला असेल, तिला इतकंच ठाऊक, की बँक मधूनच पैसे कापते. खातं बंद करून ती तीनशे-चारशे रुपये घेऊन घरी जाणार होती.

तिसरा शनिवार होता, म्हणजे बँक उघडी. मी वहिनीकडे बघितलं, तिने पर्स उचलली. आम्ही तिघी चालत शाखेत गेलो. काउंटरवरच्या तरुण मुलाने खातं बघितलं, विमा चालू असल्याचं सांगितलं, वारस म्हणून हिचंच नाव होतं. दाव्याचा फॉर्म त्याने छापून दिला. मृत्यूचा दाखला पंचायतीकडून यायचा होता. मी फॉर्म भरला : नाव, खाते क्रमांक, मृत्यूची तारीख, वारसाचं नाव, वारसाचं खातं. सहीच्या जागी ती म्हणाली, "दस्तखत कर लूँगी." पेन घट्ट धरून, एकेक अक्षर वेगळं काढत, तिने स्वतःचं नाव लिहिलं. सासूने शिकवलं, म्हणाली. आणि सासूला? "सिस्टर ने."

तिने कोणती सिस्टर ते सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. या गावात बऱ्याच सिस्टर येऊन गेल्या असतील.

परतीच्या वाटेवर गाडीत बराच वेळ कोणी बोललं नाही. मग वहिनी म्हणाली, "दाखला आला की मी येते पुन्हा. तुम्ही मला फक्त काय काय जोडायचं ते लिहून द्या." मी लगेच पाकिटाच्या पाठीवर लिहून दिलं.

रविवार

सकाळची उपासना व्हाइट चर्चमध्ये. पांढरं, उंच खिडक्यांचं, ब्रिटिश रेसिडेन्सीच्या काळातलं देऊळ. लेंटचा, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा, पहिला रविवार, येशूच्या रानातल्या चाळीस दिवसांवर संदेश होता. नीट झाला.

खरा रविवार संध्याकाळी आत्याच्या घरी झाला. इंदूरमधली काही मराठी ख्रिस्ती कुटुंबं पाळीपाळीने एकमेकांकडे जमतात. खुर्च्या भिंतीला, मध्ये सतरंजी, पेटी आणि झांजा. टिळकांची पदं झाली. रेव्हरंड नारायण वामन टिळक आमच्या नगरला राहून गेलेले. त्यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि मराठी मंडळीच्या तोंडी अभंग-ओवीच्या चालीतलं ख्रिस्तगान दिलं. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत. आत्याला त्यांची पदं पुस्तकाशिवाय येतात. आवाज कापतो, शब्द चुकत नाहीत.

पदं संपल्यावर दादाने काल काय पाहिलं ते सांगितलं. मग मी समंदर सिंहचं पुढचं सांगितलं, कारण काहींना ते ठाऊक नव्हतं. त्याला जन्मठेप झाली. स्वामी सदानंद नावाचे एक ख्रिस्ती धर्मगुरू त्याला तुरुंगात भेटायला जाऊ लागले. २००२ साली राणी मारियाची सख्खी बहीण, तीही धर्मभगिनी, सिस्टर सेल्मी पॉल, तुरुंगात गेली आणि तिने त्याला राखी बांधली. राणी मारियाच्या घरच्यांनी त्याच्या सुटकेसाठी अर्ज केला. २००६ साली तो सुटला. २००७ च्या जानेवारीत पुल्लुवळीला त्यांच्या घरी गेला. म्हाताऱ्या आईने, एलिस्वाने, त्याच्या हातांचं चुंबन घेतलं, कारण आपल्या लेकीचं रक्त त्या हातांना लागलं होतं. पुढे तो तिच्या कबरीवर येत राहिला.

यावर खोलीत शांतता झाली नाही, उलट वाद पेटला, आणि मला ते आवडलं. एक निवृत्त मास्तर आहेत, आत्याचे शेजारी. ते म्हणाले, "म्हणजे कृपा म्हणजे काय, केलं ते केलं, सोडून द्या? मग कायदा कशाला? आणि ज्यांनी त्याला पाठवलं त्यांचं काय?" वहिनी म्हणाली, "मास्तर, मला तर त्या बसमधल्या माणसांचं वाटतं. त्यांना कोणी माफ करायचं?" आत्या म्हणाली, "अगं, आपण असतो तर उठलो असतो का, ते बोल."

मला जे उत्तर सुचलं ते माझ्या धंद्यातून आलं. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात येशूने कर्जमाफीचीच गोष्ट सांगितली आहे. एका राजाच्या चाकराकडे दहा हजार तालांत बाकी होती. बँकेतली सवय, म्हणून एकदा मी तो आकडा उलगडला होता. एक तालांत म्हणजे सुमारे ६,००० दीनार आणि दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. दहा हजार तालांत म्हणजे ६ कोटी दिवसांची मजुरी. वर्षाला तीनशे दिवस काम धरलं तर दोन लाख वर्षं. हे फिटणारं कर्ज नाही. चाकर मात्र पाया पडून म्हणतो, मला सांभाळून घ्या, सगळं फेडीन. राजा त्याला मुदतवाढ देत नाही, हप्ते पाडून देत नाही. सगळं सोडतो. आणि तोच चाकर बाहेर पडून शंभर दीनारांसाठी, म्हणजे जेमतेम तीन-चार महिन्यांच्या मजुरीसाठी, आपल्या सोबत्याचा गळा धरतो.

"मास्तर," मी म्हटलं, "बँकेत मी एक शिकले. माफ झालेलं कर्ज नाहीसं होत नाही. कर्जदाराच्या खात्यावरून जातं आणि दुसऱ्या कोणाच्या तरी खात्यावर पडतं. २००८ च्या कर्जमाफीत शेतकऱ्याचं खातं कोरं झालं, पण ती रक्कम सरकारच्या तिजोरीवर पडली. कोणीतरी सोसल्याशिवाय एक रुपया माफ होत नाही. एलिस्वाबाईंनी 'सोडून दिलं' असं मला वाटत नाही. त्यांनी ते स्वतःच्या खात्यावर घेतलं. आणि क्रूस म्हणजे आपण दुसरं काय मानतो? देवाने 'जाऊ दे' म्हटलं नाही. आपली बाकी स्वतःच्या अंगावर घेतली."

मास्तर थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "हे पटतं. पण त्या समंदरला अकरा-बारा वर्षं तुरुंग झाला, तेही बरोबरच झालं."

"बरोबरच झालं," मी म्हटलं. हे मी मनापासून मानते. घरच्यांनी क्षमा केली म्हणून न्यायालयाने खटला गुंडाळावा, असं मागितलं नव्हतं कोणी. खून झाला, गुन्हा शाबीत झाला, शिक्षा झाली. क्षमा या सगळ्याला बगल देऊन आली नाही, तुरुंगाच्या गजांतून आत गेली. आणि शिक्षा पुरी भोगून झाल्यावर मग राखी आली, असंही घडलं नाही. राखी आधी आली. प्रेषित पौलाने इफिसच्या मंडळीला लिहिलेल्या, बायबलमधल्या पत्रात दुसऱ्या अध्यायात हाच क्रम दिला आहे : तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे, देवाचं दान म्हणून. कर्मांची कमाई म्हणून नाही, नाहीतर माणूस मिरवेल. आणि लगेच पुढच्याच वाक्यात म्हणतो, की आपण देवाची हस्तकृती आहोत, त्याने आधीच नेमून ठेवलेली सत्कृत्यं करायला घडवलेले. आपण नेहमी हे उलटं धरतो. काही करून दाखवलं तर देव आपल्याला धरील, असं. निवृत्तीनंतर मला जी पोकळी खात होती ती यातलीच होती. टेबल गेलं, आता देवाला दाखवायला हातात काय, असं वाटत होतं. पण हिशेब तर आधीच मिटलेला आहे. आता जे करायचं ते फेड म्हणून करायचं नाही, हात मोकळे झालेत म्हणून करायचं.

एक काका म्हणाले, या क्रमावरूनच युरोप शतकानुशतकं भांडला. खरं आहे. म्हणून ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतल्या आउग्सबुर्गला कॅथलिक आणि प्रोटेस्टंटांपैकी लुथरन मंडळ्यांनी, माणूस देवापुढे कृपेनेच नीतिमान ठरतो यावर एकत्र सही केली, ही मला आमच्या काळातली फार मोठी गोष्ट वाटते. २००६ साली मेथडिस्ट, हाही एक प्रोटेस्टंट पंथ, त्यात आले. मराठी मिशनमधली मी एका कॅथलिक सिस्टरच्या कबरीपाशी उभी राहून देवाचे आभार मानू शकले, यात परकं असं काही वाटलं नाही.

मग आत्याने टिळकांचं शेवटचं पर्व काढलं. १९१७ साली, पंचावन्नाव्या वर्षी, मिशनची पगारी नोकरी सोडून ते साताऱ्याला 'देवाचा दरबार' उभा करायला निघाले. ख्रिस्ती आणि ख्रिस्ती नसलेले, बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, सगळ्यांना धरणारा बंधुभाव त्यांना पाहिजे होता. पुढे दोनच वर्षं मिळाली, १९१९ च्या मे महिन्यात ते गेले. आत्या माझ्याकडे बघून म्हणाली, "पंचावन्नला सुरुवात केली त्यांनी. तू साठीची. फार काही उशीर नाही झाला." सगळे हसले. मीही हसले, पण ते मला चांगलंच लागलं.

उठताना मास्तरांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. त्यांच्या सुनेच्या आईच्या पेन्शनचं काहीतरी अडलेलं होतं. "जरा बघता का?" उभ्या-उभ्याच बघितलं. हयातीचा दाखला द्यायचा राहिला होता, एवढंच.

सोमवार

सकाळी दादाने ख्रिश्चन कॉलेजवरून फेरी मारून आणली. कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनने १८८७ साली काढलेलं कॉलेज, किशोर कुमार इथे शिकला हे इंदूरकर पहिल्या वाक्यात सांगतात. आवार मोठं, झाडं जुनी. आत्याचे यजमान इथलेच विद्यार्थी. हिंदू, मुसलमान, जैन, ख्रिस्ती, सगळी पोरं एका बाकावर होती, असं ते म्हणायचे.

दुपारी वहिनीबरोबर बसून उदयनगरच्या दाव्याची यादी नीट केली. मृत्यूचा मूळ दाखला आणि झेरॉक्स, वारसाचं आधार, वारसाच्या पासबुकाचं पहिलं पान, भरलेला फॉर्म, आणि बँकेकडून तारखेची पोच. "पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडायचं नाही," हे मी तिला दोनदा सांगितलं. वहिनी शाळेत शिपायापासून मुख्याध्यापकापर्यंत सगळ्यांना हाताळणारी बाई आहे, तिला फार सांगावं लागत नाही. तिने त्या बाईच्या दिराचा फोन नंबर आधीच घेऊन ठेवला होता. आणि वर म्हणाली, "ताई, त्या गावात असे अजून किती असतील हो?"

हा प्रश्न उदयनगरपुरता नाही, हे तिला बोलताना कळलं होतं आणि मलाही. आमच्या मंडळीत, आजूबाजूच्या वस्त्यांत, गेल्या वर्षभरात माणसं गेलेली घरं आहेत. त्यांच्या पासबुकांत ४३६ ची ओळ आहे की नाही, हे कोणी बघितलेलं नाही.

बस रात्रीची होती. चार वाजता मी नगरला आमच्या पाळकसाहेबांना फोन लावला.

"साहेब, सलाम. चर्चचा मागचा हॉल आठवड्यातून एक दिवस मिळेल का? बाजाराच्या दिवशी."

"कशासाठी, बाई?"

मी सांगितलं. पासबुकं वाचून द्यायची, विम्याचे दावे, वारस नोंदी, अडलेली पेन्शन, सावकाराच्या कागदांवर अंगठा द्यायच्या आधी कोणाला विचारायचं असेल तर ते. मंडळीतलं कोणी असो, बाहेरचं असो. पैसे नाहीत, संदेश नाही, नुसतं टेबल.

पलीकडे जरा वेळ गेला. मग ते म्हणाले, "हॉलला पंखा नाही हो. आणि उन्हाळा येतोय."

"पंखा मी आणते."

"मग किल्ली घेऊन ठेवतो. अजून काय लागेल?"

मी म्हटलं, वर्षभरात मंडळीच्या नोंदवहीत जी अंत्यविधींची नोंद आहे ती नावं आणि पत्ते आधी काढून ठेवा. एक टेबल, दोन खुर्च्या, आणि शाईचा पॅड, कारण काहींचा अंगठाच लागेल. मास्तरांनी दुपारी पाठवलेल्या निरोपात सुनेच्या आईचा दाखला ऑनलाइन झाल्याचं लिहिलं होतं, तो फोनवर बघत मी बॅग भरायला घेतली.